विद्यार्थी आणि व्यापार : स्वतःच्या वहीचे शिक्षण



 अलीकडे अनेक विद्यापीठांत व्यवसायाचे शिक्षण देताना पुस्तक आणि परीक्षा यांवर न थांबता विद्यार्थ्यांकडून खरा धंदा, बहुधा एखादे ऑनलाइन दुकान, सुरू करवून घेतला जातो. ग्राहक खरे, पैसा खरा आणि झालेच तर नुकसानही खरे. ही रीत सर्वस्वी नवी आणि परकी आहे असा पुष्कळांचा समज आहे. गेल्या सव्वाशे वर्षांतील आपल्याच समाजाचा इतिहास पाहिला असता तो समज टिकत नाही. तो इतिहास थोडक्यात मांडावा, आणि आजच्या विद्यार्थ्याला व त्याच्या शिक्षकाला उपयोगी पडेल असे त्यातून काय निघते ते तपासावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रारंभ आपल्या महाराज बाड्यापासूनच करतो. 'बाडा' म्हणजे आपला वाडाच. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून आपले ठाणे येथे हलविले. किल्ल्याच्या पायथ्याशी पडलेल्या छावणीचे शहर झाले, आणि त्या शहराला 'लष्कर' हे नाव कायमचे चिकटले. गोरखीचा वाडा हे शिंद्यांचे येथील जुने निवासस्थान. त्याच्या पुढ्यातील चौकाचे कागदोपत्री नाव जयाजी चौक असले तरी लोकांच्या तोंडी तो महाराज बाडाच राहिला. या चौकाभोवती टपाल कचेरी, बँक, सरकारी छापखाना, टाउन हॉल आणि व्हिक्टोरिया मार्केट अशा निरनिराळ्या घडणीच्या इमारती उभ्या राहिल्या. लगतच सराफा, टोपी बाजार, नजरबाग मार्केट अशी दुकानांची दाटी. आणि येथेच शाळाही. गोरखीच्या शाळेत अटलबिहारी वाजपेयी यांचे शालेय शिक्षण झाले, हे आपणांस ठाऊक आहेच.

शाळा आणि पेढी यांच्यामध्ये एक रस्ता होता, परंतु तो रस्ता ओलांडून शिक्षण सहसा पलीकडे गेले नाही. सराफाच्या पेढीवर मुनिमाच्या हाताखाली बसलेला मुलगा वही लिहावयास शिके, माणूस ओळखावयास शिके, उधारी केव्हा द्यावी आणि केव्हा हात आखडावा हे शिके. अलीकडच्या वर्गात नफातोट्याची गणिते सुटत होती, पण त्या गणितांतला तोटा कधी कोणाच्या खिशातून गेला नाही. आजच्या विवेचनाचे सूत्र या भेदात आहे. व्यापाराचे शिक्षण खरे ठरते ते तोट्याच्या रकान्यात शिकणाऱ्याचे स्वतःचे नाव येते तेव्हा. त्याबरोबरच दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या घरी तोटा सोसण्याची ऐपत नाही त्याने हे शिक्षण कसे घ्यावे?

ग्वाल्हेर दरबारने व्यापाराची उपेक्षा केली असे मात्र म्हणता येणार नाही. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना उद्योगधंद्यांविषयी विशेष आस्था होती. १९०५ साली त्यांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आजही दरवर्षी भरतो. १९०६ साली येथे व्यापाऱ्यांची चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाली. १९२१ मध्ये बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. १९४७ च्या ऑगस्ट महिन्यात 'ग्वाल्हेर रेयॉन' या नावाने नोंदली गेलेली कंपनी पुढे 'ग्रासिम' म्हणून देशभर प्रसिद्ध झाली. बाजार होता, मेळा होता, गिरण्या होत्या. पण लष्करातील मराठी घरांचा ओढा प्रामुख्याने दरबाराकडे राहिला. सरदार, मानकरी, कारकून, शिक्षक, पुरोहित, गवई अशी आपली वर्गवारी. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दरबाराच्या आधाराने चाललेल्या घरांतील पुढची पिढी नोकरीच्या शोधात इंदूर, पुणे, मुंबई आणि त्याही पलीकडे गेली. जियाजीराव मिलचा भोंगाही विसावे शतक संपण्यापूर्वी थांबला. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज दुरून आले आहेत, त्यामागे हाच इतिहास आहे. म्हणून विद्यार्थ्याने स्वतःचा व्यवसाय उभारण्यास शिकावे की नाही, हा आपल्यापुरता केवळ शिक्षणशास्त्राचा प्रश्न राहत नाही. मुलांनी या गावात राहावे की नाही, असेही त्याचे एक रूप आहे.

आता ग्वाल्हेरबाहेर पाहू. दुसऱ्या एका मराठी संस्थानात, बडोद्यास, १८९० साली सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली कलाभवन स्थापन झाले. त्याचे प्रवर्तक प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या अशा विषयांचे शिक्षण तेथे मिळे. दादासाहेब फाळके तेथे शिकले. छायाचित्रण आणि मुद्रण या कलांवर फाळक्यांचे प्रभुत्व होते आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ने ते सिद्धही झाले. परंतु व्यवहाराची बाजू त्यांना आयुष्यभर जड गेली. गोध्र्याचा छायाचित्रांचा व्यवसाय बंद पडला, छापखान्यातील भागीदारी तुटली, पुढे चित्रपट कंपनीतही भागीदारांशी जमले नाही. कौशल्य शाळेने दिले. भांडवल, भागीदारी आणि हिशेब यांचे शिक्षण त्यांना किंमत मोजून बाहेर घ्यावे लागले.

गज्जरांच्याच शिष्यांपैकी कोटिभास्कर आणि अमीन यांची गोष्ट निराळी. गज्जर पुढे मुंबईस गेले आणि तेथे त्यांनी आपली टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी चालविली. या प्रयोगशाळेच्या परंपरेतून गुरू आणि शिष्य मिळून १९०७ साली बडोद्यात 'अलेंबिक' हा रासायनिक कारखाना निघाला. या शिष्यांना गुरूकडून केवळ सूत्रे मिळाली नाहीत, भागीदारीही मिळाली. शिक्षक स्वतः धोका पत्करून विद्यार्थ्याच्या शेजारी उभा राहिला, हा या उदाहरणातील मुख्य धडा आहे.

त्याच सुमारास पुण्याजवळ तळेगावास आणखी एक प्रयोग चालू होता. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योगांना चालना मिळावी, अशी ती योजना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. या निधीतून १९०८ साली तळेगावास काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो प्रारंभी चालविला. हा कारखाना एकाच वेळी शाळाही होता आणि दुकानही. शिकणारी मुले भट्टीवर काम करीत आणि त्यांनी घडविलेला माल बाजारात विकला जाई. वर्गातील चूक वहीत लाल शाईने दाखविली जाते, येथे ती फुटलेल्या काचेच्या ढिगात दिसे. तळेगावास शिकून निघालेली माणसे पुढे देशातील निरनिराळ्या काच कारखान्यांत गेली. मात्र शिकण्यात जो माल वाया गेला त्याची किंमत कोणी दिली, याचा विचार केला पाहिजे. ती हजारो अनाम माणसांच्या एकेका पैशाने दिली. विद्यार्थ्याच्या तोट्याला समाजाने खांदा दिला.

ग्वाल्हेरच्या श्रोत्यांपुढे बोलताना संगीताचे उदाहरण टाळता येणार नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी राजाश्रयाचा मार्ग सोडून १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी, वर्गणी आणि जलशांचे उत्पन्न यांवर ते चालावयाचे होते. १९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली. निवडक शिष्यांना आपल्याजवळ ठेवून त्यांना संगीतप्रचारासाठी तयार करण्याची व्यवस्था पलुस्करांनी केली होती. या शिष्यांना गाणे आणि शिकविणे तर येई. शिवाय जलसा कसा ठरवावा, श्रोते कसे जमवावेत, शाळा कशी मांडावी हेही ते गुरूच्या घरी पाहत होते. मुंबईच्या इमारतीचे कर्ज मात्र फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास ती वास्तू गमवावी लागली. वहीपुरते पाहिले तर हा उद्योग बुडाला. पण विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि इतर शिष्यांनीही ठिकठिकाणी शाळा काढल्या. गुरूचे दुकान बंद झाले तरी शिष्यांची दुकाने निघाली, असे या क्षेत्राला न शोभणाऱ्या भाषेत म्हटले तर ते वावगे ठरू नये. आपल्या लष्करातही कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ साली संगीत विद्यालय काढले होते. दरबाराचे गाव असूनही गाणे विद्यालयाच्या रूपाने लोकांच्या दारी नेण्याचे धैर्य येथे होते, याची नोंद केली पाहिजे.

यानंतर येते ते साताऱ्याचे पर्व, आणि मला त्यावर अधिक वेळ द्यावासा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांना आपण शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतो. ते काही काळ किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते होते, ही गोष्ट सहसा ओझरती सांगितली जाते. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले होते. असा माल घेऊन गावोगाव हिंडणे, पारावर बसणे, संशय ऐकून घेणे, शेतात नांगर चालवून दाखविणे, आणि विश्वास बसल्याशिवाय पैशाची गोष्ट न काढणे, ही भाऊरावांची खरी पाठशाळा होय. पुढे त्याच गावांत ते शाळेसाठी जागा, धान्य आणि वर्गणी मागत गेले तेव्हा नांगराच्या दिवसांतली ती ओळख त्यांच्या कामी आली असली पाहिजे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य केवळ भिंतीवर राहिले नाही. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. बडोद्याच्या ज्या राजाने कलाभवन काढले त्याचेच नाव साताऱ्याच्या शाळेला लाभावे, हा योग अर्थपूर्ण आहे. 'कमवा आणि शिका' ही योजना या कॉलेजाने उच्च शिक्षणात आणली. ज्याच्याजवळ फीचे पैसे नाहीत त्याने शेतावर, बांधकामावर ठरावीक तास काम करावे आणि त्या कष्टावर पदवी घ्यावी. पुढे पुणे विद्यापीठासह इतर विद्यापीठांनीही ही कल्पना स्वीकारली.

इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर येथे एक भेद केला पाहिजे. 'कमवा आणि शिका' योजनेत विद्यार्थ्याला मजुरी मिळे. नफा किंवा तोटा त्याचा नसे. पीक बुडाले तर संस्थेचे बुडे, मुलाचे तास मोजले जात. म्हणून या योजनेने कष्टाची लाज घालविली, स्वाभिमान दिला, हजारो घरांत पहिला पदवीधर निर्माण केला. पण व्यापारी घडविणे हा तिचा उद्देश नव्हता, आणि त्या कसोटीला तिला लावणे अन्यायाचे होईल. संस्थेने तोटा आपल्याकडे का घेतला याचे कारण स्पष्ट आहे. जिथे उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही तिथे जोखीम पत्करावयास सांगणे क्रौर्य ठरले असते. हा तोटा कोठून भरून निघाला? वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील, मोडले. उद्योजकतेच्या पाठ्यपुस्तकांत जोखीम भांडवलाची व्याख्या असते. आपल्या इतिहासातील त्याचा सर्वांत मोठा धनको मला लक्ष्मीबाईंच्या रूपाने दिसतो.

योगायोग असा की ज्या १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली त्याच वर्षी अमेरिकेत 'ज्युनियर अचीव्हमेंट' या संस्थेने शाळकरी मुलांकडून छोट्या कंपन्या चालविण्याचा उपक्रम आरंभिला. मुलांनी एकत्र यावे, वस्तू बनवाव्यात, विकाव्यात आणि हिशेब द्यावा, अशी ती रीत. पुढे १९९६ सालापासून त्याच देशातील बॅबसन कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे गट कॉलेजकडून प्रारंभिक भांडवल घेऊन खरा धंदा चालवू लागले. वर्षअखेर धंदा आवरावयाचा, कर्ज फेडावयाचे आणि उरलेला नफा लोकोपयोगी कामास द्यावयाचा. इंटरनेटचा प्रसार झाल्यावर असे धंदे साहजिकच ऑनलाइन झाले. अमेरिकेतील या प्रयोगात वही विद्यार्थ्याची आणि जोखमीला आवर संस्थेचा. तळेगाव आणि सातारा यांच्या मधोमध पडावा असा हा प्रयोग आहे.

आपल्या देशात १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजनेस प्रारंभ झाला. २०१९ साली केंद्र शासनाने विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण जाहीर केले. अभ्यासक्रमातील प्रकल्पाऐवजी स्वतःचा उपक्रम मांडण्याची, त्यासाठी काही काळ शिक्षणातून रजा घेण्याची मुभा द्यावी, अशा सूचना त्यात आहेत. ग्वाल्हेरमध्ये माधव अभियांत्रिकी महाविद्यालय १९५७ पासून, जिवाजी विद्यापीठ १९६४ पासून आणि आज वाजपेयींचे नाव धारण करणारी माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था १९९७ पासून आहे. शिकविणाऱ्या संस्थांची उणीव नाही, आणि विकण्याजोग्या मालाचीही नाही. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील चंदेरीच्या साड्यांची ख्याती सांगावयास नको. ग्वाल्हेरचे हातविणीचे गालिचे आणि शेजारच्या मुरैन्याची गजक यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

गजकेचेच उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ऑनलाइन दुकान काढून दोनशे रुपयांना एक पेटी याप्रमाणे गजक विकावयास ठेवली. माल एकशेवीस रुपयांचा, बांधणी पंधरा, पाठवणी साठ. पेटीमागे पाच रुपये उरले. दहा पेट्यांत पन्नास रुपये नफा. आता त्यांतील एकच पेटी वाटेत चुरा होऊन परत आली आणि ग्राहकाचे दोनशे रुपये परत द्यावे लागले, की तो नफा जाऊन दीडशे रुपयांचा तोटा पदरी पडतो. हा दीडशे रुपयांचा धडा कोणत्याही व्याख्यानापेक्षा खोल रुजतो. मग तो विद्यार्थी बांधणीचा पुठ्ठा बदलतो, दमट हवेत माल पाठवीत नाही, छायाचित्रात दाखविले तेवढेच वजन भरतो, आणि ग्राहकाच्या रागावलेल्या पत्राला सभ्य उत्तर लिहावयास शिकतो.

या शिक्षणात कायदाही येतो. ऑनलाइन बाजारपेठेच्या द्वारे माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना राज्याच्या हद्दीत विक्री करावयाची असल्यास जीएसटीच्या नोंदणीतून १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली. परराज्यात विक्रीसाठी मात्र सर्वसाधारणपणे नोंदणी आवश्यकच राहिली. ग्वाल्हेरचे भौगोलिक स्थान लक्षात घेता याचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. धोलपूर, आग्रा, झाशी ही आपली शेजारची शहरे, पण धोलपूर राजस्थानात आणि इतर दोन उत्तर प्रदेशात. दूरच्या बालाघाटला माल पाठविणे सोपे आणि जवळच्या धोलपूरला अवघड, ही गोष्ट महाराज बाड्यावरच्या दुकानदाराला कधी शिकावी लागली नव्हती. त्याचा गिऱ्हाईक धोलपूरहून स्वतः येत असे.

ऑनलाइन दुकानामुळे बाड्यावरच्या गाळ्याची पागडी आणि भाडे वाचते. २०१६ नंतर यूपीआयमुळे पैसे घेणेही सोपे झाले. पण सराफ्याच्या पेढीने पिढ्यान्‌पिढ्या जी पत जपली, तिची गरज यंत्राने संपविलेली नाही. अनोळखी माणसाने न पाहिलेल्या मालासाठी पैसे पाठवावेत, यासाठी पतच लागते. मुनिमाची वही जाऊन संगणकाचा तक्ता आला तरी जमा आणि नावे हे दोन रकाने तेच आहेत.

आता या इतिहासातून निघणारा निष्कर्ष. बडोद्याने सांगितले की शिक्षकाने जोखमीत भागीदार व्हावे. तळेगावने सांगितले की शिकण्यात होणारा नाश समाजाने वाटून घ्यावा. साताऱ्याने सांगितले की गरिबाला स्वाभिमानाने उभे राहता येईल इतका आधार आधी द्यावा. या तिन्ही गोष्टींवाचून विद्यार्थ्याला नुसते 'धंदा काढ' म्हणणे म्हणजे सावकाराच्या मुलाला संधी आणि कारकुनाच्या मुलाला उपदेश देण्यासारखे आहे. घरची ऐपत असलेला मुलगा दोनदा बुडून तिसऱ्यांदा उभा राहील. ज्याच्या फीसाठी आईने दागिना गहाण ठेवला आहे तो पहिल्या तोट्यालाच परत फिरेल, आणि त्याच्यात उद्यमशीलता नव्हती असा शेरा आपण मारू. तो शेरा खोटा असेल.

म्हणून येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. शाळेला पारितोषिके देण्याची आपली प्रथा चांगली आहे. ती चालू राहावी. तिच्या जोडीला या शाळेतून विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींसाठी एक छोटा पैसा फंड असावा. त्यातून चार-पाच जणांच्या गटाला अल्प भांडवल बिनव्याजी द्यावे. त्यांनी वर्षभर खरा व्यवसाय करावा, आणि वर्षअखेर याच सभागृहात येऊन वही उघडी करावी. नफा झाला तर भांडवल परत यावे. तोटा झाला आणि हिशेब चोख असला तर तो फंडाने सोसावा, आणि त्या गटाचाही तितकाच सत्कार व्हावा. हिशेब मात्र लपविलेला चालणार नाही. पुणे, मुंबई, परदेश येथे असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांचे पहिले ग्राहक व्हावे, पण दयेपोटी नव्हे. माल वाईट निघाला तर तसे स्पष्ट कळवावे. लबाड कौतुकाने व्यापारी बिघडतो.

शेवटी पुन्हा महाराज बाड्यावर येतो. व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीला २०१० साली आग लागली. पुढे तिची दुरुस्ती झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जेथे भावाची घासाघीस चाले तेथे आज लक्षावधी वर्षांचे दगड शांतपणे मांडलेले आहेत. संग्रहालय चांगलेच आहे, मुलांनी ते अवश्य पाहावे. ते पाहून बाहेर पडलेल्या मुलाने समोरच्या बाजाराकडेही आपल्या शिक्षणाचा एक वर्ग म्हणून पाहावे, आणि त्या वर्गात बसण्याची त्याची फी आपण सर्वांनी मिळून भरावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.